टोंकखुर्दचा रस्ता आणि शॉकअपची घुंडी

काळ्या मातीवर टोंकखुर्दचा शेतकरी खूश असतो आणि रस्ता बांधणारा इंजिनियर हैराण. देवास जिल्ह्यातली ही तहसील माळव्याच्या पठारावर आहे. इथली जमीन विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या जमिनीसारखीच बेसाल्ट झिजून झालेली. पाणी मिळाले की फुगते, उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. २००६ नंतर देवास जिल्ह्यात शेततळ्यांची मोठी मोहीम झाली, तिच्यात टोंकखुर्दची गावे पुढे होती. तळाशी प्लास्टिक न अंथरताही त्या तळ्यांत पाणी टिकते ते याच चिकण मातीमुळे. तीच माती डांबराखाली आली की मात्र छळते. साइडपट्टीतून पाणी मुरते, कडेची माती फुगते, मधली कोरडी राहते. उन्हाळ्यात कडेची माती पुन्हा आकसते आणि रस्ता तिच्याबरोबर खाली बसतो. असे काही पावसाळे गेले की डांबर शाबूत असते, खड्डाही नसतो, पण रस्त्याला लांबच लांब लाटा आलेल्या असतात.

ट्रॅक्टरला त्या कळतही नाहीत. वेगात आलेल्या गाडीला कळतात. एका लाटेपासून दुसऱ्या लाटेपर्यंत वीस मीटर अंतर धरू. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. गाडीला खालून सेकंदाला १.४ वेळा उचल मिळते. गाडीचे धूड स्प्रिंगवर आपसूक ज्या तालात डोलते तो तालही साधारण तेवढाच, सेकंदाला एक ते दोन वेळा. दोन्ही ताल जुळले की प्रत्येक लाट आधीच्या डोलण्यात भर घालते, आणि चौथ्या-पाचव्या लाटेवर स्टिअरिंग हातात एकदम हलके लागते. तोच रस्ता साठच्या वेगाने कापला तर काहीच होत नाही, कारण ताल चुकलेला असतो.

गाव जवळ आले की दुसरीच तऱ्हा. डांबर उखडलेले, खडी वर आलेली, मीटर-मीटरवर खळगा. इथे वेग चाळीस, म्हणजे सेकंदाला ११ मीटर आणि तितकेच गचके. चाक, हब, ब्रेक असा जो भाग स्प्रिंगच्या खाली असतो तो नेमका याच पट्ट्यात, सेकंदाला दहा ते पंधरा वेळा, थरथरतो. एकाच रस्त्यावर गाडीला दोन वेगळ्या परीक्षा द्याव्या लागतात, आणि एकीचे उत्तर दुसरीला चालत नाही.

धार जिल्ह्यात याच्या अगदी उलट रस्ता आहे. पीथमपूरला नॅट्रॅक्स ही गाड्या तपासण्याची सरकारी संस्था आहे. तिथल्या ११.३ किलोमीटरच्या वेगचाचणी मार्गाचे उद्घाटन २९ जून २०२१ रोजी तेव्हाचे अवजड उद्योगमंत्री प्रकाश जावडेकर यांनी केले. मार्ग १६ मीटर रुंद, सरळ पट्ट्यांत चढ-उतार शून्य, आवार हजारभर एकराचे. तिथे शॉकअप कसलाही असला तरी गाडी सरळच जाईल. शॉकअप कळायचा असेल तर टोंकखुर्दला यावे.

आता माळव्यात स्पोर्ट्स कार कुठून आली, असे कुणी विचारील. ती फार पूर्वी आली. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी १९३०च्या दशकात अमेरिकन डुझेनबर्गची चासी घेऊन लंडनच्या गर्नी नटिंगकडून तिच्यावर नारिंगी-काळ्या रंगाची दोन आसनी बॉडी चढवून घेतली होती. ती आजही जगातल्या देखण्या गाड्यांत गणली जाते. आपल्याकडे बनलेल्या स्पोर्ट्स कार मोजक्याच: १९९०च्या दशकाच्या अखेरीस गोव्यातून आलेली सॅन स्टॉर्म ही फायबरच्या बॉडीची छोटी उघडी गाडी, आणि दिलीप छाब्रियांची डीसी अवंती. हल्ली इंदूर-देवासकडे जी खालच्या अंगाची गाडी दिसते ती बहुधा परदेशी असते, किंवा जोरदार इंजिनाची हॅचबॅक असते आणि मालकाच्या मनात ती स्पोर्ट्स कारच असते. या प्रकरणापुरते दोन्हींना तेच लागू आहे. मालकाला कंपनीचा शॉकअप पुरेनासा होतो आणि तो बाजारातून कोनी, बिल्स्टाइन किंवा तत्सम जोड मागवतो, ज्याच्या डोक्यावर फिरवायची घुंडी असते. त्या घुंडीबद्दल माझे म्हणणे एवढेच, की लोक ती घट्ट करण्यासाठी विकत घेतात आणि तिचा खरा उपयोग सैल करण्यात आहे.

शॉकअप गाडीचे वजन पेलत नाही, ते काम स्प्रिंगचे. स्प्रिंग दाबली की तिच्यात ऊर्जा साठते आणि ती जशीच्या तशी परत मिळते. एकट्या स्प्रिंगवरची गाडी एका खड्ड्यानंतर डोलतच राहील. ती ऊर्जा खाऊन टाकणे हे शॉकअपचे काम. आत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोके आणि त्या भोकांवर पातळ पोलादी चकत्यांची चवड. दट्ट्या हलला की तेलाला त्या भोकांतून जावे लागते, अडते आणि तापते. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअपच्या नळीला हात लावून पाहावा. गाडीचे डोलणे तिथे उष्णता होऊन बसलेले असते. ऑफिसच्या दाराला वर जो क्लोझर असतो त्याच्या आतही हेच आहे, आणि दार आपटू नये म्हणून आपण त्याचा जो स्क्रू पिळतो तोच शॉकअपवर घुंडी होऊन येतो: तेलाच्या आडवाटेवर एक सुईसारखा व्हॉल्व्ह, पिळला की वाट अरुंद.

ही कल्पना नवी नाही, शॉकअपच्या आरंभापासूनची आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्रुफो नावाच्या फ्रेंच माणसाचा शोध एडवर्ड हार्टफर्डने अमेरिकेत नेला. त्यात तेल नव्हते. दोन दांड्या, मध्ये घर्षणाच्या चकत्या आणि सगळ्यांना आवळणारा एक नट. पान्याने नट आवळला की गाडी कडक, सैल केला की मऊ. त्याचा दोष मुळातच होता. घर्षण सुरुवातीला सर्वांत जास्त असते, म्हणून बारीक खड्ड्यावर चाक जागचे हलायचेच नाही आणि मोठ्या धक्क्याला मात्र एकदा सुटले की सुटले. तेलाचा शॉकअप बरोबर उलटा वागतो: हळू हलवा, विरोध कमी, जोरात हलवा, विरोध जास्त. म्हणून तो टिकला. क्लीव्हलंडचा क्लॉड फॉस्टर तर आधी एक्झॉस्टच्या धुरावर वाजणारा गॅब्रिएल नावाचा भोंगा विकायचा, मग पट्ट्याच्या घर्षणावर चालणारा स्नबर विकू लागला. ते नाव फिरत फिरत १९६१ साली भारतात आले, आणि गॅब्रिएल इंडियाचा एक कारखाना देवासच्या औद्योगिक वसाहतीत आहे. कुमार गंधर्वांच्या देवासला हेही होते, हे आपल्याकडे फारसे कुणाच्या ध्यानात नसते.

तेलाच्या शॉकअपला घुंडी आणण्यात हॉलंडच्या कोनीचे नाव आधी येते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात त्यांनी ॲडजस्ट करता येणारे शॉकअप विकायला सुरुवात केली. जर्मनीच्या बिल्स्टाइनने वेगळी वाट धरली: एकच नळी, तळाशी दाबाखालचा नायट्रोजन, मध्ये सरकती भिंत. दट्ट्या भराभर हलला की साध्या शॉकअपमधल्या तेलाला फेस येतो आणि फेसाला विरोध करता येत नाही. वायूच्या दाबाखाली फेस धरत नाही. टोंकखुर्दच्या उखडलेल्या डांबरावर या एका गोष्टीचे मोल घुंडीपेक्षा जास्त आहे. साधे शॉकअप पहिल्या पाच किलोमीटरला सुरेख चालतात आणि पंधराव्याला थकतात. दाबाचे शॉकअप परतीच्या वाटेवरही तसेच असतात.

आता घुंडी नेमके काय बदलते ते पाहू, कारण गोंधळ इथेच होतो. चाक वर येते तेव्हा शॉकअप दबतो, ते कम्प्रेशन. चाक खाली जाते तेव्हा तो ताणला जातो, ते रिबाउंड. साध्या रस्त्याच्या गाडीत रिबाउंडचा विरोध कम्प्रेशनच्या दुप्पट-तिप्पट ठेवतात, कारण स्प्रिंगमध्ये साठलेली ऊर्जा परत येताना आवरायची असते. एकच घुंडी असलेले बरेच शॉकअप फक्त रिबाउंड बदलतात. कोनीचे पिवळे स्पोर्ट याच जातीचे. काहींची एकच घुंडी दोन्ही एकदम बदलते. महाग मालाला दोन, तीन, चार घुंड्या असतात आणि तिथे ‘लो स्पीड’, ‘हाय स्पीड’ असे शब्द भेटतात. हा स्पीड गाडीचा नव्हे, दट्ट्याचा. शंभरच्या वेगाने लांब लाटेवरून जाताना दट्ट्या संथ हलतो, तो लो स्पीड. चाळीसच्या वेगाने खळग्यात चाक पडले की दट्ट्या सुसाट सुटतो, तो हाय स्पीड. हे एवढे कळले तरी पुष्कळांचे पैसे वाचतील.

लाटांवर काय हवे? रिबाउंड थोडा वाढवावा, म्हणजे धूड लाटेच्या माथ्यावरून वर फेकले जात नाही. मालक तो वाढवतो, गाडी सरळ जाते, मालक खूश होतो आणि आणखी वाढवतो. मग गाव येते. खळग्यात चाक खाली जायला हवे, पण रिबाउंड इतका घट्ट की ते पूर्ण खाली पोचायच्या आत पुढचा दणका येतो. पुन्हा वर, पुन्हा अर्धवट खाली. दहा-वीस खळग्यांत गाडी हळूहळू स्वतःच्याच चाकांवर बसत जाते, उरलेली चाल संपते आणि ती रबराच्या बम्प स्टॉपवर आपटू लागते. आत बसलेल्याला वाटते शॉकअप मऊ आहे म्हणून आपटते, आणि तो उतरून घुंडी अजून पिळतो. असे मी पाहिले आहे. समजावून सांगितले तरी पटत नाही, कारण हाताला जे जाणवते ते नेमके उलटे असते. एक खूण मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. पहिल्या खळग्याला गाडी बरी आणि विसाव्याला वाईट वागली तर रिबाउंड जास्त झाला आहे. पहिल्याच खळग्याला दात आपटले तर कम्प्रेशन जास्त आहे किंवा टायरमध्ये हवा जास्त आहे.

म्हणून सुरुवात सैल टोकाकडून करावी. बहुतेक कंपन्या पूर्ण घट्ट म्हणजे शून्य धरतात आणि तिथून उलटे क्लिक मोजायला सांगतात, कारण घट्ट टोक नेमके सापडते, सैल टोक तितके नेमके नसते. घुंडी हलक्या हाताने उजवीकडे शेवटपर्यंत न्यायची (जोर लावला तर आतली सुई बसते आणि मग ती घुंडी नुसती शोभेची), मग क्लिक मोजत पूर्ण मागे यायचे. डावे-उजवे सारखे. टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना. टाकीत पेट्रोल किती आणि शेजारी कोण बसले आहे हेही तेच ठेवायचे. मग ज्याला लाटा आहेत असा ओळखीचा सरळ तुकडा निवडायचा, रहदारी नसलेल्या वेळी आणि कायद्याच्या वेगात. आधी दहा-पंधरा मिनिटे गाडी चालवून तेल तापू द्यायचे, कारण थंड तेल घट्ट असते आणि खोटी साक्ष देते. शेवटच्या लाटेनंतर गाडी किती वेळा डोलते ते मोजायचे. पुढच्या दोघांना दोन क्लिक घट्ट, पुन्हा तोच तुकडा, तोच वेग. नंतर मागच्यांना. दोन्ही एकदम बदलले की काय कशाने झाले ते कळत नाही. शेवटच्या लाटेनंतर गाडी एकदा उठून बसली आणि गप्प झाली की थांबायचे. तिथून पुढचा प्रत्येक क्लिक गावाजवळच्या खळग्यांत महाग पडतो. एक छोटी वही गाडीत ठेवावी, मोबाइलवरची नोंद ऐनवेळी सापडत नाही.

शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्यांनाही हे सुचायला वेळ लागला. फेरारीच्या स्टिअरिंगवर एक लाल खटका असतो. तो ‘रेस’वर टाकला की इंजिन, गिअर, शॉकअप सगळे एकदम तिखट व्हायचे. २००७ च्या ४३० स्कुदेरियात, जिच्या घडणीत मायकेल शूमाकरचा सहभाग होता, शॉकअप या जोडीतून सोडवले गेले: बाकी सगळे रेसवर ठेवून शॉकअप तेवढे मऊ करायचे वेगळे बटण आले. खडबडीत रस्त्यावर मऊ शॉकअपची गाडी जास्त वेगाने जाते, कारण तिचे चाक जमिनीवर असते. फेरारीने ते बटण चालकाच्या हाताशी दिले. आपल्याला बॉनेट उघडून वाकावे लागते, आणि मागची घुंडी डिकीतल्या गालिच्याखाली असते. जुन्या कोनींना तर शॉकअप गाडीतून काढून, पूर्ण दाबून, दांडी फिरवून आतला नट पकडावा लागतो. असा शॉकअप घेतलेल्याने बसवण्याआधीच शहाणपणाने सेटिंग ठरवावे, दुसऱ्यांदा कुणी काढत नाही.

बसवण्याचे काम साधे दिसते आणि तिथेच निम्मा माल वाया जातो. दोन गोष्टी तर स्वतः उभे राहून पाहाव्यात. पहिली, वरचा नट. तो फिरवताना आतली चकचकीत दांडी बरोबर फिरते, ती धरायला टोकाला षटकोनी खाच दिलेली असते. घाईतला मेकॅनिक पकडीने सरळ दांडीच धरतो. त्या क्रोमवर केसाएवढा ओरखडा पडला तरी प्रत्येक खळग्यागणिक तो तेलाच्या सीलवरून घासत जातो, आणि महिन्या-दोन महिन्यांत नव्या कोऱ्या शॉकअपची नळी तेलकट दिसू लागते. दुसरी, खालच्या बोल्टची रबरी बुश. गाडी जॅकवर, चाके लोंबकळती, अशा वेळी बोल्ट पूर्ण आवळला तर रबर त्याच स्थितीत चिकटते. गाडी खाली आली की ते कायमचे पिळलेले राहते, गाडी विनाकारण कडक लागते आणि बुश लवकर फाटते. बोल्ट हाताने लावून गाडी चाकांवर उतरवायची, दोनदा दाबून बसवायची आणि मगच शेवटचा पीळ द्यायचा. स्प्रिंग दाबण्याचे यंत्र चांगले नसेल तर त्या गॅरेजातून गाडी घेऊन निघून यावे. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जातो. काम झाल्यावर अलाइनमेंट करायची, हे सांगायला नको.

गाडी खाली उतरवण्याचा मोह याच वेळी होतो. शॉकअप काढलेच आहेत, तर स्प्रिंगही छोट्या टाकू. टोंकखुर्दकडे जाणाऱ्याने तो टाळावा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या जुन्या निकषात गतिरोधक ३.७ मीटर लांब, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. अडीच मीटर व्हीलबेसची गाडी त्याच्या मधोमध आली की भूमितीने पोटाखालचे साडेचार-पाच सेंटिमीटरच जातात. १२ सेंटिमीटर क्लिअरन्सची गाडी आरामात निघते. पण असा गतिरोधक गावात दिसत नाही. गावात असतो तो हातभर रुंदीचा, उभा, रातोरात उगवलेला, आणि तो उंचीइतके सगळे सेंटिमीटर मागतो. तिथे घुंडीचा काही उपयोग नाही. शॉकअपचा विरोध दट्ट्याच्या वेगावर असतो, आणि मुंगीच्या पावलांनी जाणाऱ्या गाडीत तो वेग जवळजवळ शून्य. पोट वाचवते ती स्प्रिंगची उंची.

कागदपत्रांचेही पाहावे लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने ठरवलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. शॉकअपचा उल्लेख त्या प्रमाणपत्रात नसतो. तरी विमा कंपनीला बदल लेखी कळवून पोच घ्यावी, आणि काढलेले मूळ शॉकअप भंगारात देऊ नयेत. गाडी विकताना घेणारा तेच मागतो.

राहिली माळव्याची धूळ आणि पावसाळा. काळा चिखल दांडीवर वाळला की काचकागदासारखा सीलवर घासतो, म्हणून दांडीवरचे रबरी बूट फाटले की लगेच बदलावेत आणि प्रेशर पंपाचा फवारा थेट सीलवर मारू नये. घुंडी एकाच क्लिकवर वर्षभर राहिली की आत गाळ आणि गंज धरतो. दर दोन-तीन महिन्यांनी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पुन्हा वहीतल्या आकड्यावर आणावी. चांगल्या कंपनीचा शॉकअप उघडून तेल आणि सील बदलता येतात, पण ते काम करणारा कारागीर खरेदीच्या आधी शोधलेला बरा. तो मुंबई-पुण्याला असेल तर शॉकअपची जोडी ट्रान्सपोर्टने जाऊन परत येईपर्यंत गाडीला जुने शॉकअप लावून ठेवावे लागतात.